लिलावातल्या मिळकतीवरचा सिमेंट पत्रा

वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर बँकांच्या ई-लिलावाच्या सूचना ओळीने छापलेल्या असतात. कर्जदाराचे आणि जामीनदाराचे नाव, थकबाकी, सर्व्हे नंबर, चतुःसीमा, क्षेत्रफळ, राखीव किंमत, अनामत रक्कम, पाहणीची तारीख आणि शेवटी ‘जसे आहे जेथे आहे, जसे आहे जे आहे’ या तत्त्वावर विक्री होईल अशी ओळ. यातल्या कित्येक मिळकती भाड्याने दिलेल्या असतात. उल्हासनगरातली बैठी चाळ, भिवंडीतला गाळा, इचलकरंजीतले यंत्रमागाचे शेड, भोसरीतले लहान वर्कशॉप, असे काहीही. अशा जुन्या बांधकामांवर बहुधा स्लॅब नसतो, पत्रा असतो. तो पत्रा राखाडी, जाड, पन्हळी सिमेंटचा असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी असते. सूचनेत मात्र छप्पर कशाचे आहे याचा उल्लेख नसतो. खरेदीदाराला ते कळते ताबा मिळाल्यावर, आणि बहुतेकदा पत्रा फोडायला सुरुवात झाल्यावर. ॲस्बेस्टॉसचा सगळ्यात मोठा धोका फोडण्यातच आहे. म्हणून त्याचा शोध लिलावाच्या आधी लागला पाहिजे, त्याचा खर्च बोलीत धरला गेला पाहिजे, आणि त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही, असे माझे ठाम मत आहे.

आधी पदार्थाविषयी. ॲस्बेस्टॉस हे खाणीतून निघणारे तंतुमय खनिज. ते जळत नाही, कुजत नाही, ताण सहन करते आणि स्वस्त पडते, त्यामुळे विसाव्या शतकात ते छपरांपासून बॉयलरच्या आवरणापर्यंत सगळीकडे वापरले गेले. त्याचे तंतू उभे चिरत जाऊन डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक होतात, श्वासावाटे फुप्फुसात खोल जातात आणि शरीराला ते विरघळवून बाहेर टाकणे जमत नाही. त्यातून ॲस्बेस्टॉसिस म्हणजे फुप्फुस कडक होत जाण्याचा आजार, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पांढऱ्या क्रायसोटाइलसह ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहेत. कामाच्या ठिकाणी झालेल्या ॲस्बेस्टॉसच्या संपर्कामुळे जगात दर वर्षी २ लाखांहून अधिक माणसे मरतात, असा या संघटनेचा अंदाज आहे. संपर्क आणि आजार यांच्यात वीस, तीस, कधी चाळीस वर्षे जातात. आज छपरावर चढलेला पंचविशीचा मजूर पन्नाशी उलटल्यावर धापा टाकू लागला, तर त्याच्या आजाराचा संबंध या छपराशी कोणी जोडणार नाही.

आपल्याकडे या बाबतीत कायद्याची भूमिका दुभंगलेली आहे. ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणे केंद्र सरकारने १९८६ मध्ये थांबवले आणि जुन्या पट्ट्यांचे नूतनीकरण १९९३ मध्ये. पण पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची आयात आणि त्यापासून पत्रे बनवणे चालूच राहिले. आज भारत हा जगातला त्याचा सर्वांत मोठा आयातदार आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि ॲस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे ठेवायला सांगितल्या. तो निकाल मोठाच होता, पण त्याचे संरक्षण कारखान्याच्या फाटकापर्यंतचे. पत्रा एकदा दुकानातून घरावर गेला की त्याखाली राहणाऱ्याला आणि तो काढणाऱ्याला त्याचा उपयोग होत नाही. पुढे २०११ मध्ये संपूर्ण बंदीची मागणी करणारी याचिका न्यायालयाने फेटाळली. असे पत्रे देशात किती छपरांवर आहेत याचा नेमका आकडाही सापडत नाही. २०११ च्या जनगणनेत छपराच्या साहित्याची नोंद झाली. सुमारे १६ टक्के घरे पत्र्याची निघाली, पण जस्तलेपित लोखंडी पत्रा, इतर धातूचा पत्रा आणि ॲस्बेस्टॉस हे तिन्ही एकाच रकान्यात घातलेले आहेत. सरकारी मोजणीतच हा भेद पुसला गेला असेल, तर बँकेच्या अधिकाऱ्याने तो केला नाही याचे आश्चर्य वाटायला नको.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस साधारण ८ ते १० टक्के असते, तेही सिमेंटमध्ये घट्ट बसलेले. ते आपणहून उडत नाही. मग लोकांना घाबरवायचे कशाला, असे उत्पादक म्हणतात. धड असलेल्या पत्र्याबद्दल हे बरेचसे खरे आहे. रंग टिकलेला, तडा न गेलेला, हात न लागलेला पत्रा खाली राहणाऱ्याला फार थोडे तंतू देतो. पण पत्रा तसाच राहत नाही. ऊन-पावसाने वरचे सिमेंट झिजते आणि तंतू उघडे पडतात, शेवाळे धरते, ते ब्रशने घासून काढले जाते. दर मे महिन्यात गळती थांबवायला कोणी तरी वर चढतो, डांबर ओततो, ‘जे’ आकाराच्या हुकसाठी नवे भोक पाडतो. आणि मिळकत हातची जाते, नवा मालक येतो, तेव्हा हे सगळे एकदम होते. जुने छप्पर उतरवायचे असले की मुकादम सर्वांत स्वस्त मार्ग धरतो. बोल्ट गंजलेले असतात, ते खोलायला वेळ लागतो, म्हणून हातोड्याने पत्रा फोडून बोल्ट मोकळा करतात. तुकडे वरून खाली टाकतात. कापायचा असेल तर ग्राइंडर लावतात आणि पांढऱ्या धुळीचा लोट उठतो. खाली बाई ती धूळ खराट्याने झाडून घमेल्यात भरते. यात संरक्षण असलेच तर तोंडाला बांधलेला रुमाल किंवा पदर. हिशेब करून पाहा: हजार चौरस फुटांच्या छपरावर सिमेंटचा पत्रा साधारण सव्वा टन भरतो, म्हणजे त्यात शंभर किलोच्या पुढे तंतू. ते वर्षानुवर्षे बांधलेले होते. छपराची सुरक्षितता सांगणारा युक्तिवाद ते सुटण्याच्या या एका दिवसाबद्दल काहीच बोलत नाही. शिवाय हा पत्रा ठिसूळ असतो. त्यावर सरळ पाय देऊन चालणारा माणूस पत्र्यासकट खाली येतो, आणि अशा पडण्याने माणसे जागीच मरतात. तिथे तीस वर्षे वाट पाहावी लागत नाही.

पत्रा तरी डोळ्यांना दिसतो. जप्त झालेल्या औद्योगिक मिळकतीत त्याहून वाईट वस्तू आत असते. सायझिंग किंवा प्रोसेस हाऊसच्या जुन्या बॉयलरवरचे, वाफेच्या नळांवरचे आवरण, भट्टीच्या दारांना लावलेली ॲस्बेस्टॉसची दोरी, जुनी गॅस्केट. यातले नळांवरचे आवरण हाताने चुरगळले तरी भुगा होते, आणि त्यात तंतूंचे प्रमाण पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असू शकते. बंद पडलेला कारखाना घेणारा बहुधा पहिल्याच आठवड्यात भंगारवाला बोलावतो, आणि भंगारवाला सर्वांत आधी नळ सोलतो. पत्र्याच्या बाबतीत ‘असू द्या, हात लावू नका’ हा सल्ला चालतो. इथे तो चालत नाही. असे आवरण तुटलेले दिसले तर ती खोली बंद करून जाणकार माणूस येईपर्यंत कोणालाही आत सोडू नये.

मग लिलावात हे आधी का कळत नाही? याचे कारण व्यवहाराच्या रचनेत आहे. कर्जवसुलीसाठीच्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देते, ताबा घेते, मूल्यांकन करून घेते, राखीव किंमत ठरवते आणि पहिल्या विक्रीसाठी ३० दिवसांची सूचना काढते. कर्जदार सहकार्य करत नसतो, भाडेकरू दार उघडत नाहीत, आणि पुष्कळदा बँकेकडे फक्त प्रतीकात्मक ताबा असतो; म्हणजे दारावर नोटीस चिकटवलेली, किल्ली दुसऱ्याकडे. बोली लागली की २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी भरायची, उरलेली विक्री कायम झाल्यावर १५ दिवसांत. मुदत वाढवून मिळू शकते, पण चुकवली तर भरलेले पैसे जप्त होतात. या घाईत छपराचा नमुना तपासायला कोणाला सवड नसते. बँक ही नेहमीसारखी विक्रेती नाही, ती त्या घरात कधी राहिलेली नाही. खरी माहिती असते ती जुन्या मालकाकडे, आणि त्याला ती सांगण्यात काही स्वारस्य उरलेले नसते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ विक्रेत्याला माहीत असलेला, पण खरेदीदाराला साध्या दक्षतेने न कळणारा मोठा दोष सांगायला लावते. पण वेगळा करार नसेल तरच ते लागू होते, आणि ‘जसे आहे’ची ओळ नेमकी त्यासाठी असते. वीज मंडळाच्या थकबाकीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले की या तत्त्वावर बोली लावणाऱ्याने देण्यांची चौकशी स्वतः केली पाहिजे. त्यामुळे ॲस्बेस्टॉस निघाले म्हणून बँकेकडे भरपाई मागण्याची आशा खरेदीदाराने धरू नये.

ही पोकळी फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत १९७८ पूर्वीच्या घराची विक्री करताना शिशाच्या रंगाची माहिती देणे १९९२ च्या कायद्याने बंधनकारक झाले, पण जप्तीच्या लिलावातली विक्री त्या नियमातून वगळलेली आहे. ॲस्बेस्टॉसबद्दल तर घर विकताना ते उघड करण्याची सक्ती तिथल्या संघराज्याच्या कायद्यात नाही. पाडकामाच्या वेळच्या ॲस्बेस्टॉसचे नियम १९७३ पासून आहेत, आणि त्यातून चार किंवा कमी बिऱ्हाडांच्या निवासी इमारती साधारणपणे सुटतात. क्रायसोटाइलवर तिथे २०२४ मध्ये बंदी आली, पण ती पुढच्या वापरावर. आधीच बसवलेल्या मालाचा प्रश्न तिथेही मालकाच्या गळ्यात आहे. ब्रिटनने वेगळा रस्ता धरला. तिथे निवासी नसलेल्या इमारतीत आणि भाड्याच्या इमारतीच्या सामाईक भागात ॲस्बेस्टॉस कुठे आहे याची नोंद ठेवणे आणि त्याची निगा राखणे ही ताबा असणाऱ्याची जबाबदारी आहे. पोलंडने २०३२ पर्यंत देशातून सगळे ॲस्बेस्टॉस उतरवण्याचा कार्यक्रम आखला. या उदाहरणांतून मला एकच गोष्ट घ्यावीशी वाटते: बंदी येवो न येवो, आधी नोंद लागते. ब्रिटनमध्ये मिळकत हातोहात फिरली तरी ही नोंदीची वही तिच्याबरोबर जाते. आपल्याकडे तशी वही नाही.

पण ती सुरू करण्याची जागा आपल्या नियमांत आहे. सरफेसीखालच्या २००२ च्या नियमांतला नियम ८ सांगतो की विक्रीच्या सूचनेत मिळकतीचे वर्णन, बँकेला ठाऊक असलेले बोजे, राखीव किंमत हे सगळे असावेच. शिवाय मिळकतीचे स्वरूप आणि मूल्य जोखण्यासाठी खरेदीदाराला कळणे महत्त्वाचे आहे असे बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला वाटेल ते इतर काहीही. छप्पर ॲस्बेस्टॉसचे आहे ही गोष्ट यात सरळ बसते. मूल्यांकन करणारा अभियंता तशीही जागेवर जातो, अहवालात छपराचा रकाना भरतो. तिथे ‘एसी शीट’, म्हणजे ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा पत्रा, असे तो लिहितोही. ते दोन शब्द अहवालातून सूचनेत आणायची आणि पुढे पत्रा धड आहे की फुटका, क्षेत्रफळ किती, एवढे जोडायचे. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. संशयित म्हणून नोंद केली तरी पुरे.

यावर बँकांकडून येणारा आक्षेप असा की अशी ओळ छापली तर बोली येणार नाही, किंमत पडेल, आणि ठेवीदारांचा पैसा बुडेल. किंमत थोडी पडेल, हे मान्य करायलाच हवे. पण पडलेला तो भाग म्हणजे छप्पर नीट उतरवण्याचा खर्च. तो आज कोणी भरत नाही असे नाही. मजूर आपल्या फुप्फुसाने भरतो, शेजारची चाळ भरते. राखीव किंमत ठरवताना गळकी भिंत आणि थकलेला मालमत्ता कर धरला जातो, तर हा खर्च का धरू नये? शिवाय ज्याला बोली लावल्यावर हे कळते आणि उरलेली रक्कम भरणे जड होते, त्याचा व्यवहार मोडतो, फेरलिलाव करावा लागतो. आधी कळलेली खोट सगळ्यांनाच स्वस्त पडते.

याहून अवघड आक्षेप भाडेकरूंच्या बाजूचा आहे. ॲस्बेस्टॉस हे नवे निमित्त मिळाले तर नवा मालक ‘घर धोकादायक आहे’ म्हणत चाळ रिकामी करील, ही भीती रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विशाल कलसारिया प्रकरणात, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेल्या भाडेकरूला सरफेसीच्या जोरावर सरसकट बाहेर काढता येणार नाही, असा निर्वाळा दिला. म्हणून असे निमित्त शोधणारे असणारच. त्याचे उत्तर लपवण्यात नाही. १९९९ च्या त्याच कायद्याने जागा राहण्याजोगी, दुरुस्त ठेवण्याचे बंधन मालकावर घातले आहे, आणि लिलावात मिळकत घेणारा हा मालक होतो. त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू नोटीस देऊन स्वतः ती करून घेऊ शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत खर्च वळता करू शकतो. दुरुस्तीसाठी जागा रिकामी करावीच लागली तर भाडेकरूला परत येण्याचा हक्क कायद्यात आहे. आणि बैठ्या चाळीचे छप्पर एकदम उतरवावे लागत नाही, दोन-दोन खोल्यांचे काम करता येते. तेवढे दिवस ती कुटुंबे बाजूला हलवायची. माझा आग्रह असा की छपराविषयीची माहिती भाडेकरूलाही लेखी मिळावी. वर चढून टीव्हीची तार ओढणारा, भिंतीला भोक पाडून फळी बसवणारा तोच असतो.

आता प्रत्यक्ष काय करावे. पत्रा धड असेल तर काढण्याची घाई करू नये. त्यावर भोके पाडणे, घासणे, जोराच्या पाण्याने धुणे बंद करावे. बारीक तडे आणि झिजलेला पृष्ठभाग रंगाच्या जाड थराने बांधून घ्यावा. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, खालून पाहणी करावी. जुन्या पत्र्यावरच नवा पत्रा ठोकण्याची सूचना कंत्राटदार हमखास करतो. ती स्वस्त वाटते, पण प्रत्येक स्क्रू खालच्या पत्र्याला भोक पाडतो, आणि जुन्या कैच्यांवर दुहेरी वजन येते. शंका असेल तर आधीच तुटलेल्या कोपऱ्यातून, ओला करून, बोटभर तुकडा घ्यावा, दुहेरी पिशवीत बंद करावा आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा. नुसत्या नजरेने ठरवता येत नाही, कारण ॲस्बेस्टॉस नसलेले सिमेंट पत्रेही आता मिळतात.

पत्रा फुटका असेल, किंवा बांधकामच पाडायचे असेल, तर तो उतरवावाच लागतो, आणि तिथे पद्धत सगळे ठरवते. खालची माणसे आणि सामान आधी हलवायचे. पत्रा पाण्याने, त्यात थोडा साबण टाकून, भिजवायचा आणि काम संपेपर्यंत ओला ठेवायचा. बोल्ट तेल सोडून खोलायचे किंवा खालून कापायचे, पत्रा नाही. दहा फुटी पत्रा ३५ ते ४० किलोंचा असतो. तो फळ्यांवर उभे राहून, दोघांनी धरून, अख्खाच उतरवायचा. ग्राइंडर चालवायचा नाही. जाड पॉलिथिनमध्ये गुंडाळून, चिकटपट्टीने बंद करून, वर ‘ॲस्बेस्टॉस’ असे स्पष्ट मराठीत लिहायचे. खाली पडलेला भुगा ओल्या फडक्याने पुसून तेच फडके पिशवीत टाकायचे. खराटा आणि घरगुती व्हॅक्यूम दोन्ही वर्ज्य. मजुराला बारीक तंतू अडवणारा फिल्टर लावलेला, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क आणि टाकून देण्याजोगा अंगरखा हवा, आणि कामाचे कपडे घरी जाता कामा नयेत. कामगारांचे धुळीने माखलेले कपडे घरी धुणाऱ्या बायकांनाही मेसोथेलिओमा झाल्याचे जगभरात नोंदवले गेले आहे.

पुढचा प्रश्न कचऱ्याचा, आणि तिथे व्यवस्था खरोखर लंगडी आहे. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत टाकून दिलेल्या ॲस्बेस्टॉसची नोंद आहे, पण ती ॲस्बेस्टॉसच्या उत्पादनाच्या प्रक्रियेखाली. घरमालकाने उतरवलेला पत्रा त्यात बसतो की नाही, हे वाचणाऱ्यावर सोडल्यासारखे झाले आहे. परिणामी तो राडारोड्यात जातो, खाडीकिनारी भरावात जातो, किंवा तुकडे गरिबाच्या झोपडीवर पुन्हा चढतात. राज्यात तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची शास्त्रशुद्ध विल्हेवाट लावणारी केंद्रे आहेत. ती मुख्यतः कारखान्यांसाठी उभी राहिली. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने लहान मालकाकडून गुंडाळलेले पत्रे घेण्याची, परवडेल अशा दराची सोय तिथे केली आणि महापालिकांनी पाडकामाच्या परवानगीत त्याची पावती मागितली, तर हा माल भरावात जाणे पुष्कळ थांबेल. तोवर खरेदीदाराने बोलीचा आकडा ठरवतानाच वाहतूक आणि विल्हेवाटीची चौकशी करून ती रक्कम बाजूला काढावी.

लिलावात भाड्याची मिळकत घ्यायला निघालेल्यांना माझी विनंती आहे. पाहणीच्या तारखेला कागद वाचणाऱ्या वकिलाबरोबर छप्पर ओळखणारा माणूसही न्या. आत जाता आले नाही तर समोरच्या इमारतीतून पाहा आणि फोटो काढा. प्राधिकृत अधिकाऱ्याला बोलीच्या आधी ई-मेलने विचारा: छप्पर कशाचे आहे, मूल्यांकन अहवालात काय लिहिले आहे, आत बॉयलर किंवा आवरण घातलेले नळ आहेत का. उत्तर आले नाही तरी विचारल्याची नोंद राहते, आणि तोच प्रश्न दहा जणांनी विचारला तर अधिकाऱ्याला तो महत्त्वाचा वाटू लागेल. मिळकत हाती आली की ही माहिती विक्री दाखल्याच्या फाइलमध्ये लावा, एक प्रत भाडेकरूंना द्या, आणि कंत्राटदाराशी करार करताना पत्रा अख्खा उतरवण्याची अट दरासकट लेखी घाला.